फळं वाळवायची, पण गंधक नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की मला ठरावीक फोन सुरू होतात. कुणाचं आंब्याचं साठ (आंबापोळी) चिकट राहिलेलं असतं, कुणाचे चिकू काळे पडलेले असतात, कुणाच्या बरणीत बुरशी आलेली असते. माझं माहेर रत्नागिरीकडचं आणि संसार पुण्यात दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे अंगणातल्या वाळवणातल्या चुका करून झाल्या, गॅलरीतल्याही झाल्या. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

काहीही न घालता फळ टिकतं कसं?

पाणी गेलं म्हणून टिकतं. फळ नासवणारे जिवाणू आणि बुरशी यांना मोकळं पाणी लागतं. केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, आंब्यात ८० च्या वर. ते २० टक्क्यांच्या आत आणलं की उरलेलं पाणी फळातलीच साखर धरून बसते, जिवाणूंच्या हाती काही लागत नाही. बुरशी जास्त चिवट. जिथे जिवाणू हात टेकतात तिथेही ती तग धरते. म्हणून सुक्या फळाची भीती असते ती मुख्यतः बुरशीची, आणि पुढचे बरेचसे नियम तिच्यासाठीच आहेत.

माझी फळं काळपट होतात. बाजारातली जर्दाळू मात्र केशरी, बेदाणे सोनेरी. माझं काय चुकतं?

काहीच नाही. बिनगंधकाचं फळ तपकिरीच व्हायचं. सफरचंद चिरून ठेवलं की दहा मिनिटांत लालसर होतं ना, तीच गोष्ट. चिरलेल्या फळाला हवा लागली की त्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. बाजारात फळांना गंधकाची धुरी देतात किंवा मेटाबायसल्फाइट या गंधकाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवतात, त्यानं हा रंगबदल थांबतो. लडाखमध्ये जुन्या पद्धतीनं उन्हात वाळवलेली जर्दाळू पाहा, चक्क तपकिरी असतात, आणि चवीला केशरी जर्दाळूपेक्षा कितीतरी सरस.

रंग थोडा राखायचाच असेल तर दोन घरगुती उपाय आहेत. लिंबाचा रस आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फोडी दहा मिनिटं ठेवा. सफरचंद, केळं, पेअर यांना हे चालतं. किंवा फोडींना दोन-तीन मिनिटं वाफ द्या, विकरं तिथेच थंडावतात. मात्र वाफेनं फळ थोडं शिजतं आणि ताजेपणाची चव जाते. मी चिकूला यातलं काहीच करत नाही. चिकू तसाही तपकिरी, त्याला आणखी काय काळं करणार!

मीठ, साखर, लिंबू घातलं तर तेही परिरक्षकच (प्रिझर्व्हेटिव्ह) झालं की?

प्रश्न रास्त आहे. मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात, म्हणजे काम परिरक्षकाचंच करतात. आपल्या अन्नकायद्यातही परिरक्षकांचे दोन वर्ग आहेत. मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले हे पहिल्या वर्गात येतात. सल्फर डायऑक्साइड, बेन्झोएट, सॉर्बेट ही मंडळी दुसऱ्या वर्गात, आणि त्यांना मर्यादा घातलेल्या आहेत. ‘परिरक्षक नको’ म्हणताना बहुतेकांच्या मनात हा दुसरा वर्गच असतो.

मिठाशिवाय आमसूल करून पाहायच्या फंदात पडू नका. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असे तीन-चार फेरे तरी होतात. काही घरांत त्याहून जास्त. तो काळाभोर रंग आणि मऊपणा त्या फेऱ्यांतूनच येतो. आणि हे काम पितळी परातीत करू नका, कल्हई उडालेली असेल तर अजिबातच नको. आंबट रस धातू खातो. ॲल्युमिनियमही नको आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. स्टील, काच, वेताची सुपं, धुतलेलं सुती कापड, एवढ्यावर सगळं भागतं.

कोणती फळं वाळवण्याजोगी?

गर भरपूर आणि रस बेताचा अशी. केळं, चिकू, आंबा, फणस, सफरचंद, अंजीर, द्राक्षं, आवळा, बोरं. अननस आणि स्ट्रॉबेरी जमतात, पण वेळ खातात. पपई वाळते, पण चवीला फिकी पडते. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नका. ९० टक्क्यांहून जास्त पाणी, शेवटी हातात येतो तो गोड कागद.

फळ पूर्ण पिकलेलं, पण लिबलिबीत न झालेलं घ्या. ‘खायला नको झालंय, वाळवून टाकू’ हा हिशेब फसतो. डागाळलेल्या फळावर बुरशी आधीच येऊन बसलेली असते.

उन्हात किती दिवस लागतात?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि तापमान ३० अंशांच्या वर असेल तर ऊन उपयोगाचं. फेब्रुवारी ते एप्रिल सांगली-सोलापूरकडे हे आपसूक जमतं, बेदाण्याचा धंदा तासगाव-पंढरपूरच्या पट्ट्यात रुजला त्यात या कोरड्या हवेचा मोठा वाटा आहे. मुंबईत आणि कोकणात मे महिन्यात ऊन रणरणतं, पण हवा दमट. तिथे पुण्याच्या दीडपट दिवस धरा.

ढोबळ अंदाज द्यायचा तर पुण्यात एप्रिलमध्ये चिकूच्या पातळ चकत्या तीन दिवस, केळ्याच्या चार, साठाचा एक थर एक ते दोन दिवस. संध्याकाळी पाचच्या आत सगळं घरात घ्या. दिवसभरात गेलेलं पाणी रात्रीची हवा पुन्हा भरून देते.

उन्हापेक्षाही वारा महत्त्वाचा. ताट जमिनीवर ठेवण्यापेक्षा जाळी दोन विटांवर ठेवा, खालूनही हवा खेळली पाहिजे. माझी आजी बाजेवर साडी पसरून वाळवण घालायची आणि बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची. मुंग्यांवर त्याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

फ्लॅटमध्ये, गॅलरीत जमतं का?

जमतं. धूळ आणि कबुतरं हेच मोठे शत्रू. मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा ताणून बांधा, पण तो फळाला चिकटू देऊ नका. मोठ्या भाजीच्या चाळणीवर फळं आणि त्यावर दुसरी चाळणी उलटी, हा माझा जुगाड. गॅलरी रस्त्याच्या बाजूला असेल आणि खालून दिवसभर गाड्या जात असतील तर सरळ फळं वाळवायचं विजेचं यंत्र (डिहायड्रेटर) घ्या.

नेमकं वाळलं हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गरम असताना तपासलं तर फळ मऊ लागतं, म्हणून आधी गार होऊ द्या. मग सगळ्यात जाड फोड उचला, मधोमध फाडा आणि चिमटीत दाबा. ओल दिसता कामा नये. दुमडल्यावर दोन बाजू एकमेकींना चिकटून बसता कामा नयेत. चिकू, केळं, अंजीर चामड्यासारखं वाकलं पाहिजे. सफरचंद त्याहून थोडं कोरडं.

बोटांवर भरवसा नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. सोललेल्या १ किलो केळ्यात साधारण ७५० ग्रॅम पाणी आणि २५० ग्रॅम ऐवज असतो. शेवटी २० टक्के पाणी ठेवायचं तर वजन ३१० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. काटा ३८० दाखवत असेल तर अजून ७० ग्रॅम पाणी आत आहे, फोडी कितीही वाळलेल्या दिसोत. पहिल्या दिवशी वजन धडाधड उतरतं, शेवटचं शंभर ग्रॅम मात्र जीव खातं. लोक कंटाळून थांबतात ते इथेच.

वरून कडकडीत, आतून ओलं राहिलं. असं का?

सुरुवातीला आच जास्त झाली. बाहेरचा थर झटकन वाळून त्याचं कवच झालं आणि आतलं पाणी कोंडलं. यंत्रात ५५ ते ६० अंशांच्या पुढे जाऊ नका. फोडी एकाच जाडीच्या चिरा, ५-६ मिलिमीटर पुरे. जाड-बारीक मिसळल्या की बारीक जळतात आणि जाड कच्च्या राहतात. वाळली म्हणून भरलेल्या बरणीत नंतर बुरशी येते ती बहुतेक अशा एखाद्या कवचबंद फोडीमुळे.

वाळल्यावर लगेच बरणीत भरून झाकण लावलं तर?

माझी दोन वर्षांपूर्वीची चिकूची आख्खी बरणी अशीच गेली. एप्रिलमध्ये भरली, जुलैत उघडली तर वास आला ओल्या गोणपाटाचा.

आता मी असं करते. काचेची बरणी दोन तृतीयांश भरायची, झाकण लावायचं आणि आठ-दहा दिवस रोज एकदा हलवायची. जास्त ओल्या फोडीतली ओल कोरड्या फोडींत वाटली जाते आणि सगळा माल एकसारखा होतो. या दिवसांत काचेला आतून बाष्प दिसलं तर माल काढून पुन्हा वाळवायचा. दहा दिवस काच कोरडी राहिली की बरणी आत ठेवून द्यायची.

उन्हात उघड्यावर वाळवलेल्या मालावर किड्यांची अंडी असू शकतात, ती डोळ्याला दिसत नाहीत. त्यासाठी फळं बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर बाहेरची ओल गार फळावर बसते. पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा.

आंब्याचं साठ कसं घालायचं? माझं ताटाला चिकटतं.

आमच्याकडे साठं रायवळ आंब्याची व्हायची. हापूसला पेटीचा भाव मिळायचा, तो साठात कोण घालणार? शिवाय रायवळची आंबट-गोड चव साठाला शोभते. धागे असतील तर रस चाळणीतून गाळून घ्या. साखर घालायची सक्ती नाही. आंबा आंबट असेल तर किलोभर रसाला शंभर ग्रॅम घाला, त्यापुढे गेलात तर साठ वाळेल पण चिकट राहील.

स्टीलच्या ताटाला तुपाचा हात पुसटसा फिरवा. पुसटसाच, कारण तूप जास्त झालं की साठाला पुढे खवट वास येतो. रस तीन मिलिमीटर जाडीचा ओता आणि ताट हलवून तो मधून कडांकडे सरकवा. मध्यभाग सगळ्यात उशिरा वाळतो, त्यामुळे तो कडांपेक्षा पातळ हवा. वरचा थर बोटाला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा ओता. पहिला ओला असताना दुसरा ओतला तर मधला रस आंबतो आणि साठाला फुगे येतात. चार-पाच थर झाले, कडा आपोआप सुटायला लागल्या, की सुरीनं सोडवून उलटं करा आणि खालच्या बाजूलाही एक दिवस ऊन द्या. चिकटतं म्हणणाऱ्यांनी बहुतेक हे उलटं करणंच गाळलेलं असतं.

फणसपोळीला कोणता फणस?

बरका, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा. काप्याचे घट्ट गरे नुसते खायला छान, पण त्याचा रस निघत नाही. बरक्याचे गरे चाळणीवर घासून घ्या, धागे वर राहतात. बाकी कृती साठासारखीच.

वसईची सुकेळी घरी होतात का?

होतात, फक्त केळी राजेळी हवीत. वसई-आगाशीच्या बाजूला ही मोठी, कमी पाण्याची केळी सोलून आख्खीच उन्हात वाळवतात आणि वाळक्या केळीच्या पानांत बांधतात. गोडवा असा की गूळ घातलाय असं वाटावं, पण घातलेलं काहीच नसतं. राजेळी मिळाली नाहीत तर नेहमीच्या केळ्यांची आख्खी सुकेळी करू नका, आत आंबतात. उभे चार तुकडे करा. साल पूर्ण पिवळी आणि तिच्यावर काळे ठिपके आलेले असताना केळं घ्या.

घरचे बेदाणे?

चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे, हे गणित आधी लक्षात ठेवा. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. सांगलीकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरतात, साधारण पंधरा दिवसांत माल तयार होतो. घरी त्याऐवजी उकळत्या पाण्यात तीस सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात काढा. सालीला बारीक चिरा पडतात आणि मेण सुटतं. बिनबियांची थॉमसन किंवा सोनाका घ्या. रंग येईल तपकिरी. हिरव्या बेदाण्यांची आशा सोडा.

पुरंदरचे अंजीर वाळवले तर अफगाणी अंजिरासारखे होतील?

नाही. सासवडच्या बाजूचं अंजीर पातळ सालीचं आणि रसाळ, ताजं खाण्यासाठीच ते नावाजलेलं. वाळवलं की लहान आणि गडद होतं. मी अर्ध करून, कापलेली बाजू वर ठेवून यंत्रात वाळवते. दिसायला ओबडधोबड, पण दुधात भिजवलं की मस्त. आख्खं मात्र वाळवू नका, आत बुरशी आली तर बाहेरून कळत नाही.

यंत्र घ्यावं का? ओव्हन, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर चालेल?

मायक्रोवेव्ह नको, फळ वाळायच्या आधी शिजतं आणि कडेला जळतं. ओटीजीचं बटण बहुधा ८० किंवा १०० अंशांपासून सुरू होतं, ते जास्त झालं. ६० अंशांवर ठेवता येणारा ओव्हन असेल तर दार बोटभर उघडं ठेवा, वाफ बाहेर जायला हवी. एअर फ्रायरमध्येही तापमान तितकं खाली येत असेल तर चालतो, पण एका वेळी मूठभरच फोडी मावतात.

वर्षाला दोन-तीन किलो वाळवणाऱ्यानं यंत्र घेऊ नये. दमट हवेत राहणाऱ्यानं आणि दर सुट्टीला पोरांसाठी चिकू वाळवणाऱ्यानं जरूर घ्यावं. पाचशे वॉटचं यंत्र दहा तास चाललं तर जास्तीत जास्त पाच युनिट वीज होते, त्यावरून आपला हिशेब मांडा.

सुक्या अंजिरावर, सुकेळीवर पांढरं आलंय. फेकायचं?

आधी बघा. दाणेदार, खरखरीत आणि कोमट पाण्यात विरघळणारं असेल तर ती फळातलीच साखर वर आली आहे. खुशाल खा. केसाळ, करडं किंवा हिरवट असेल, कुबट वास असेल तर बुरशी. मग बरणीतलं सगळं फेका. ‘एवढाच तुकडा काढून टाकते’ हे इथे चालत नाही. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, आणि धुऊन किंवा भाजून ते खात्रीनं जात नाही.

किती दिवस टिकतं?

गार, अंधाऱ्या, कोरड्या जागी वर्षभर. पण आपल्या घरातल्या २७-२८ अंशांत सहा महिनेच धरा. पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्ये. मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या भरा, दर उघडण्याला दमट हवा आत जाते. आणि ओला हात घालणाऱ्या माणसाला बरणीपासून लांब ठेवा. प्रत्येक घरात एक असतोच.

सगळी जीवनसत्त्वं जातात का?

क जीवनसत्त्व बरंच जातं, उन्हात आणखी जातं. तंतू, पोटॅशियम, लोह राहतात.

मधुमेह असलेल्यांनी, लहान मुलांनी खावं?

पाणी गेलं, साखर तिथेच राहिली. एक केळं खाणारा माणूस सुकेळी चार कधी संपवतो ते कळत नाही. १०० ग्रॅम बेदाण्यांत साखर जवळपास ६० ग्रॅम असते. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. चार वर्षांखालच्या मुलांना कडक तुकडे देऊ नका, घशात अडकतात, बारीक चिरून किंवा भिजवून द्या. खाल्ल्यावर चूळ भरायला लावा, हे दाताला चिकटून बसतं.

विकत घेताना गंधक आहे की नाही हे कसं कळेल?

पाकिटाची मागची बाजू वाचा. आयएनएस हे अन्नात घातलेल्या पदार्थांचे क्रमांक. आयएनएस २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड, २२३ आणि २२४ म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर तसं लिहिणं बंधनकारक आहे, कारण काही जणांना, विशेषतः दम्याच्या रुग्णांना, त्याचा त्रास होतो. सुट्या मालावर लेबल नसतं, तिथे रंग बघा. फार तेजस्वी पिवळा-केशरी रंग दिसला की मी हात मागे घेते.

फणसपोळी अर्धी वाळली आणि पाऊस आला. आता?

हा फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात हमखास येतो, कारण बरका पिकतो आणि पाऊस येतो ते साधारण एकाच वेळी. ताटं घरात घ्या, पंख्याखाली ठेवा. झाकू नका. त्याच दिवशी ओव्हन किंवा यंत्र मिळत असेल तर ६० अंशांवर पुढे वाळवा. मिळत नसेल आणि दुसऱ्या दिवशीही ऊन नसेल तर वाट पाहू नका. पोळी ताटातून खरवडा, कढईत घाला, गूळ टाका आणि मंद आचेवर आटवून फणसाचा गोळा करून फ्रीजमध्ये ठेवा. पंधरा दिवसांत संपवा. आंबूस वास यायला लागला असेल तर मात्र गूळ वाया घालवू नका.